न अडखळणारं चित्र

बायको गेल्यावर लेकीने माझ्या खोलीत कॅमेरा बसवला. बाबा कुठे पडले-झडले तर कळावं, म्हणून. पण तिच्या घरी चित्र सारखं गोठायचं.

“बाबा, जन्मभर लोकांची नेटवर्कं दुरुस्त केलीत आणि घरी हे असं? दिव्याखाली अंधार!”

टोमणा लागला. कॅमेरा जोडलेल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड चित्राचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, लगेच पुढे न देता साठवत होतं आणि मग एकदम ओतत होतं. त्यात काही वाटेतच सांडायची. मी कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, म्हणजे ड्रायव्हरमधली, थांबण्याची वेळ थोडी थोडी कमी करत गेलो, फोनवर तिला विचारत.

“आता?”

“अजून अडखळतंय.”

“आता बघ.”

“वा बाबा! तुमची पापणी लवलेलीसुद्धा दिसतेय!”

मलाही बरं वाटलं. संध्याकाळी बायकोचा स्वेटर कुशीत घेऊन बसलो, तोच फोन वाजला.

“बाबा, रडू नका ना. मी बघतेय.”

रोज तेच व्हायला लागलं. तेव्हापासून रडू आलं की मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतो.



काल लेकीने जुलाबावरच्या गोळ्या पाठवल्या.