वीतभर पांढरं

फ्रेम १३६. चांगली. ठेवली.

फ्रेम १३७. वरून विमान गेलंय. बाद.

फ्रेम १३८.

"पंचू, ये क्या हो गया रे? जरा बघ."

पंचशीलनं लॅपटॉपवरून मान वर केली. दारात आई उभी होती, हातात वंदनेची पांढरी साडी. बुद्ध पौर्णिमेला महूला जायचं म्हणून तिनं ती आत्ताच कपाटातून काढली होती. पदराच्या टोकाचा वीतभर चौकोन गायब होता. कडा सरळ. कात्रीनं कापलेल्या.

चौकोन टेबलाच्या खणात होता, रबरबँडसकट.

अमावस्येला त्यानं मागच्या अंगणात दुर्बीण लावली होती. इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवरचं आकाश रात्रभर विटकरी असतं. त्यातून धनु राशीतला फिकट तेजोमेघ काढायचा तर तीन-तीन मिनिटांचे शंभर-दीडशे फोटो घेऊन, खराब फ्रेम बाद करून, उरलेले एकावर एक चढवावे लागतात. शिवाय पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून आणखी काही फोटो घ्यायचे, म्हणजे काचेवरच्या धुळीचे डाग नंतर वजा करता येतात. कापड एकसारखं पांढरं हवं. टी-शर्टांवर अक्षरं होती, चादरींवर फुलं. या साडीला ना काठ, ना नक्षी. कमरेला खोचायचं टोक कुठलं आणि पदराचं कुठलं, ते त्याला कळलं नाही. एकाला त्यानं कात्री लावली. कुणाला दिसणार आहे, असं म्हणून.

"हिला तर मी हात पण नाही लावत कधी," आई म्हणाली. "कोणी कापली असेल?"

तीन शब्द पुरले असते. आई, मी कापली.

"तूच कापली असशील ना," तो म्हणाला. "पोछ्याला कपडा नाही म्हणत होतीस उस दिन."

"मी?"

"परवा गॅस पण चालूच राहिला होता तुझा."

गॅसचं खरं होतं. त्याच्या आधारानं बाकीचंही खरं होऊन बसलं.

आई पलंगाच्या कडेला टेकली. कापलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. एकतीस वर्षं या गल्लीत राहून प्रत्येक घरातल्या पोरांचे वाढदिवस तोंडपाठ सांगणारी बाई. ती भांडेल, याची तो वाट बघत होता. भांडली असती तर त्यालाही बोलता आलं असतं.

"असेल बाबा," ती म्हणाली, आणि साडीची घडी घालत बाहेर गेली.

फ्रेम १३९. ठेवली.

फ्रेम १४०. शेवटची. तो उठला, दारापर्यंत गेला. "आई, ऐक ना, ती साडी..."

बाद. आई फोनवर होती.

फोनवर महिला मंडळातली इरावती होती. गेली वीस वर्षं पुस्तक न उघडता आईच पुढे बसून वंदना म्हणायची, बाकीच्या तिच्यामागून. आज तू घे, असं ती इरावतीला सांगत होती. पलीकडून काहीतरी चेष्टा झाली असावी, रिटायरमेंटची वगैरे, कारण आईही जराशी हसली.

"नाही गं, बीच में अटकले तर बरं नाही दिसत."

तो परत येऊन लॅपटॉपसमोर बसला. एकशे एकोणीस फोटो एकावर एक चढत होते. मग डाग वजा झाले. काळ्याभोर आकाशात गुलाबी तेजोमेघ उमटला. पंधरा दिवस तो याचीच वाट बघत होता. धुळीचा एकही ठिपका नव्हता. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला तर मुंबई-पुण्याचे लोक विचारतील, भर शहरातून हे कसं जमवलं?

त्यानं झाकण मिटलं. गाडी यायला अजून दहा मिनिटं होती. दहा मिनिटं खूप होती.

आई आत आली. निळ्या काठाची दुसरी साडी नेसलेली, खांद्याला पर्स. मिटलेल्या लॅपटॉपवर तिनं एक कोरा कागद ठेवला.

"यावर घरचा पत्ता लिही. आणि तुझा नंबर. मोठ्या अक्षरात."

"कशाला?"

"पर्समध्ये असू दे. तिकडे भीड असते आज."

पेन कागदावर टेकवून तो थांबला. पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. आई शेजारी उभी होती, घाई न करता. मग त्यानं लिहिलं. घर नंबर. गल्ली नंबर. अन्नपूर्णा रोड, इंदूर. खाली दहा आकडे.

तिनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि ओठ हलवत, एकेका ओळीवर थांबत सगळा वाचला.

"गल्ली नंबर पाच," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, हळूच, "पाचच ना रे?"