कपाटामागची भिंत

नाताळाआधी घराला रंग काढलाच पाहिजे, त्यातून त्रिनिदादच्या अरिमा गावात कुणाची सुटका नाही. मर्लीन आणि तिचा थोरला भाऊ अल्रिक दरवर्षी आईच्या धाकाने भिंती रंगवायचे. बैठकीतलं जडशीळ कपाट सरकवायचा मात्र दोघांनाही कंटाळा, म्हणून त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवून मोकळे व्हायचे. आई चिडून म्हणायची, "मागची भिंत मीच रंगवीन एक दिवस!"

मार्चमध्ये आई गेली.

यंदा मर्लीनने पिवळ्यात निळा ओतून स्वतःच हिरवा रंग केला, फार गडद नाही आणि फार फिकाही नाही. तीन भिंती झाल्यावर ती म्हणाली, "दादा, या वेळी कपाट सरकवू या."

"कंबर मोडायची माझी," अशी कुरकुर करतच अल्रिकने खांदा लावला.

मागची भिंत हिरवी होती. अगदी तोच हिरवा. मर्लीनने बोट लावलं, तर ओला.

"माझी गंमत करतेस होय गं?"

"हे धूड मी एकटी हलवणार? आणि रंग तर आज दुपारी केलाय."

फक्त खाली, फरशीलगत, वीतभर पट्टी कोरी राहिली होती. दोघांनी कपाट जागेवर ढकललं. घरात ब्रश एकच होता आणि तो मर्लीनच्या हातात होता.

कपाटामागे कुणीतरी डब्याच्या काठावर ब्रश दोनदा हलकेच आपटला, आई आपटायची तसा.

मर्लीनने खाली पाहिलं. तिच्या पायाशी ठेवलेल्या डब्यातला रंग बोटभर खाली गेला.