पिंपळीचा राम

“मावशे, मी खरं नाव सांगणार,” बारक्या म्हणाला, आणि सिंधुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

“सांग की! आन् जाता जाता माजं मडं बी उचलून ने,” ती कडाडली.

भिगवणला धरणाच्या काठावर सिंधुबाईची खानावळ होती. बारक्या पाण्यात जाळं टाकायचा, ती मासळी रांधायची. सकाळपासून शाळेत सरकारी शिबिर लागलं होतं. मच्छीमारांना फोटोचं ओळखपत्र मिळणार होतं. ज्याच्याकडं ते नाही, त्याला दिवाळीनंतर पाण्यात होडी घालता येणार नव्हती.

बारक्या हे काही खरं नाव नव्हे, ते गावानं पाडलेलं. खरं नाव शफीकुल. बाप ठेकेदाराच्या माणसांबरोबर बांगलादेशातून आला, हातात कागद ना पत्र, आणि इथंच धरणात बुडाला. सात वर्षांचं पोर काठावर टाकून ती माणसं निघून गेली. सिंधुबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं पोराला घरात घेतलं आणि त्याचं नाव कुणालाच सांगितलं नाही. धनगराच्या घरात मुसलमानाचं पोर, लोक जगू देतील का? आता पोरगं विशीत आलं होतं. इथलंच बोलता बोलता स्वतःची भाषा पार विसरलं होतं.

“शिबिराच्या करुणा मॅडमनी शब्द दिलाय,” बारक्या म्हणाला. “ल्हानपणी आलेल्यांना बी कार्ड देणार. पोलिसाकडं कायबी जाणार न्हाय म्हणाल्या.”

“मॅडमची उद्या बदली झाली म्हंजे? मुंबईत बंगाली बोलणारी माणसं धरून रेल्वेत कोंबत्यात, पार सरहद्दीला नेऊन सोडत्यात. तूच पेपर वाचून दाखिवलास न्हवं?”

“मग काय जलमभर खोटंच बोलू? एकदा तरी माजं नाव कुटंतरी लागू दे, मावशे.”

“नाव काय चाटायचंय? तितं तुजं कोन हाय? त्यांच्याशी बोलशील तरी काय?”

बोलून गेल्यावर सिंधुबाईला वाईट वाटलं, पण तिनं ते दाखवलं नाही. पोर एकदा सरहद्दीपार गेलं की परत दिसायचं नाही, एवढं एकच तिला कळत होतं.

तिनं रात्रीच सगळं ठरवून ठेवलं होतं. तिची थोरली बहीण म्हाळसा पिंपळीला दिलेली. ती गेल्या साली वारली. तिचा एकुलता एक राम बारक्याच्याच वयाचा. तीन वर्षांपूर्वी ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो गेलाच, ना चिठ्ठी ना चपाटी. म्हाळसाचं रेशनकार्ड सिंधुबाईच्या ट्रंकेत होतं आणि त्यावर रामचं नाव होतं. बारक्याला त्याच नावानं उभं करायचं.

“राम आला तर?” बारक्यानं विचारलं.

“आय मेली तवा आला न्हाय, आता कशाला येतोय मसण्या! चल ऊठ.”

तिनं त्याला दंडाला धरूनच शाळेत नेलं. करुणा मॅडमनी रेशनकार्ड पाहिलं, मग बारक्याकडं पाहिलं.

“मावशी, नक्की ना? खोटं निघालं तर यालाच त्रास होईल.”

“माज्या सख्ख्या भनीचा हाय ह्यो. खोटं कशापायी सांगू?”

बारक्या खाली मान घालून उभा होता. फोटो काढतानाही त्यानं मान वर केली नाही. मॅडमनाच ‘वर बघ’ म्हणावं लागलं.

महिन्याभरात कार्ड आलं. सिंधुबाईनं ते बिरोबापुढं ठेवून नारळ फोडला. गंगेत घोडं न्हालं!

दिवाळीच्या आधी एका दुपारी बाहेरच्या जिल्ह्याचे एक फौजदार खानावळीत येऊन बसले. त्यांनी चहा मागितला.

“राम तुमचाच का?”

सिंधुबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. “व्हय. का वं सायब?”

“खाली काठावर जीपमध्ये बसवलाय. ओळखपत्रांची नावं आमच्याकडं येतात.”

“न्हाय जाणार म्हणाल्या हुत्या मॅडम!”

“मॅडमना कोण विचारतंय?” फौजदारांनी बशीत चहा ओतला. “पोरगा म्हणतोय, मी राम नाहीच. बांगलादेशी आहे, शफीकुल नाव आहे. खरं काय ते तुम्ही सांगा.”

मारलं असणार मेल्यांनी! मारून मारून लेकराच्या तोंडातून काढून घेतलं. सिंधुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज घट्ट राहिला.

“भ्यालंय त्ये. पोलिसाला बघून काय बी बरळतंय.”

“मलाही तसंच वाटतं. बांगलादेशी म्हणवतो आणि बोलतो अस्सल इंदापुरी. म्हटलं, बोल बरं तुझ्या भाषेत. लई वेळ आठवत बसला आणि म्हणाला, पानी. शिपायाला वाटलं तहान लागली, त्यानं तांब्या आणून दिला. तो रडायलाच लागला.”

“बगा की! आसा कुटं बांगलादेशी आसतोय व्हय?”

“पण मला पक्की ओळख पाहिजे. चुकीचा माणूस नेऊन चालायचं नाही. शपथेवर सांगाल?”

“बिरोबाची आण!” सिंधुबाईनं गळ्यातली माळ मुठीत धरली. “पिंपळीचा राम हाय ह्यो, म्हाळसाचा. ह्या हातांनी न्हाऊ घातलंय त्याला. दुसरा कुनी निगाला तर माजी जीब झडंल.”

फौजदारांनी ते लिहून घेतलं. शेजारच्या टपरीवरच्या दोघांना साक्षीला बोलावलं आणि सिंधुबाईचा अंगठा घेतला. तिनं तो जोर देऊन उमटवला. जिंकलो, असं तिला वाटलं.

“आता सोडताय न्हवं पोराला?”

“सोडतोय कसला!” फौजदार टोपी घालत उठले. “तीन वर्षं शोधतोय या रामला. स्वतःच्या ड्रायव्हरचा गळा चिरून पळालाय. आज बांगलादेशी निघाला असता, तर मला त्याच्याशी काय देणंघेणं, इथंच सोडून गेलो असतो.”