मटणवाल्याचं वजन

"किल्ल्या काढा," बायको म्हणाली. "चपला पण. आणि कमरेचा सुरा काय, तुमच्या अंगाचा भाग आहे?"

मटणवाल्याने एकेक वस्तू जिवावर आल्यासारखी तिच्या हातात दिली. सुरा सहज अर्धा किलो भरला असता. एवढं नुकसान सोसून तो दुकानातल्या मोठ्या काट्यासमोर उभा राहिला.

करार साधा होता. महिनाभर मटण बंद, फक्त भाजी. पहिल्या दिवशी दवाखान्यात वजन भरलं होतं शहाण्णव. आज त्यातून किलोभर जरी उतरलं असेल तर जन्मभर भाजी. नसेल उतरलं, तर आजच ताटात मटण, आणि बायकोने पुन्हा दुध्याचं नाव काढायचं नाही. साक्षीदारांसमोर तोलायचं, हा हट्ट मात्र त्याचा स्वतःचा. खानावळवाली मावशी तिच्या रोजच्या तीन सोललेल्या मेंढ्या न्यायला आली होती, मेंढपाळ आपल्या जिवंत मेंढ्या विकायला. दोघांनाही त्याने हाताला धरून थांबवून घेतलं होतं.

"माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही," असं ठणकावून तो चढला.

नव्व्याण्णव.

"तीन किलो वाढलं!" जगात कुणाला वजन वाढल्याचा एवढा आनंद झाला नसेल. "मी म्हणत नव्हतो? भाजीने माणूस फुगतो. हत्ती काय खातो? पाला!"

"अहो, विजार दोरीने बांधावी लागतेय तुमची."

"धुऊन धुऊन सैल पडली ती."

"पण भाऊ, गाल बसलेत की तुमचे," खानावळवाली म्हणाली.

"गालातलं हाडात गेलं, मावशी. पालकात लोखंड असतं, ते कुठे जाणार?"

बायकोने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. महिनाभर तिने कोबी चिरला होता, अशी ती हार मानणार नव्हती. "आत दुसरा काटा आहे ना? त्याच्यावर चढा बघू."

मटणवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या काट्यावर मटण विकायचं, आतल्यावर मेंढ्या घ्यायच्या. दोघांना त्याने स्वतःच्या हाताने वेगवेगळं वळण लावलं होतं. पुढचा जरा वाढवून सांगायचा, आतला जरा राखून. म्हणून तर तो पुढच्यावर इतक्या उत्साहाने चढला होता. दुकानाच्या या गुपिताचा बायकोला पत्ता नव्हता. आणि साक्षीदारांचं म्हणाल तर खानावळवालीने आतला काटा कधी पाहिला नव्हता, मेंढपाळाला पुढच्याशी कधी काम पडलं नव्हतं.

"तो मेंढ्यांचा आहे गं. घाण असतो."

"चढा हो शेठ," मेंढपाळ म्हणाला. "माझ्या मेंढ्या रोज चढतात. एकीनेही तक्रार केली नाही."

चढावं तर पंचाईत, न चढावं तर त्याहून मोठी. तिघं त्याला मधे घालून आत घेऊन गेले. चढताना त्याने छातीभर श्वास भरून घेतला, टाचा रोवल्या, काखेत कसलं ओझं असल्यासारखे खांदे पाडले.

ब्याऐंशी.

"चौदा किलो उतरलं!" बायकोने टाळ्या पिटल्या. "महिन्यात चौदा! बघा भाजीचा गुण! आता जन्मभर!"

दुसऱ्या कुणी टाळी वाजवली नाही. खानावळवाली दारापर्यंत परत गेली, पुढच्या काट्याकडे तिने एकदा पाहिलं, आतल्याकडे एकदा.

"बाहेर नव्व्याण्णव, इथे ब्याऐंशी," ती म्हणाली. "दहा पावलांत सतरा किलो, भाऊ. उपासानेसुद्धा माणूस एवढ्या घाईने वाळत नाही."

"हरलो! मी हरलो!" मटणवाला घाईघाईने म्हणाला. "जन्मभर भाजी, कबूल. हिचंच खरं. भाजीला मोठा गुण आहे, मावशी, कुठल्या क्षणी लागू पडेल सांगता येत नाही. अगं, चहा टाक सगळ्यांना."

बायको हसत हसत चहा टाकायला गेली. बारा वर्षं याच काट्यावर मेंढ्या चढवणारा मेंढपाळ बोटांवर काहीतरी मोजत होता. दोन्ही हातांची बोटं संपली तरी त्याचं मोजणं संपेना. शेवटी त्याने ते सोडून दिलं, मेंढ्यांची दोरी मुठीत गुंडाळली आणि त्यांना घेऊन उलट दिशेने, दुकानाच्या पुढच्या भागाकडे निघाला.

"शेठ, आज माझ्या मेंढ्या बाहेरच्या काट्यावर घ्या."

"हो," खानावळवाली म्हणाली, "आणि माझ्या तीन आणा इकडे आत."