बाबलीकाकांचं घुमट

पेडण्यातल्या आमच्या बँडला वर्षभर कुत्रं विचारत नव्हतं. मग सुमंगलाने गिटारच्या जोडीला शेजारच्या बाबलीकाकांना घुमट वाजवायला बसवलं, व्हिडिओ टाकला आणि तो अख्ख्या गोव्यात फिरला.

आम्ही काकांच्या ओसरीवर नाचत होतो, तेवढ्यात व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं, "काय नाद आहे! कातडं कसलं?"

काकांचं मातीचं घुमट त्यांच्या बापाच्या वेळचं, मडक्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेलं. आता घोरपडीला हात लावला तरी तुरुंग.

सुमंगलाने घाईघाईने उत्तर टाकलं, "बकऱ्याचं."

काका उखडले. "बकऱ्याक असो नाद येता? जाणकार ऐकतलो आणि हसतलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच अंगणात वनखात्याची जीप येऊन थांबली. काकांनी घुमट उचललं, क्षणभर छातीशी धरलं आणि न्हाणीच्या दगडावर आपटलं. कातडं ओढून काढलं आणि पाणी तापवायच्या चुलीत घातलं. ते जळेपर्यंत मी दार अडवून उभा होतो.

जीपमधून उतरलेल्या साहेबांनी दाराशी येऊन हसून हात जोडले. "तुमचा व्हिडिओ पाहिला. वन्यजीव सप्ताहाच्या कार्यक्रमाला तुमचाच बँड हवा." मग माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "आणि काका, घुमट तेच आणा हं. बकऱ्याच्या कातड्यातून असा नाद निघतो, हे लोकांना दाखवायचंय."