तिसरा पेला

“देवाशपथ सांगतो सिस्टर, काल दिवसभरात एक घास पोटात गेला नाही माझ्या!”

आचारी खाटेवर उठून बसला होता. गुंगी उतरली होती आणि राग चढला होता. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, आतड्यात गाठ दिसतेय, पण आतडं साफ नाही. भाजीचे कण आहेत, टोमॅटोच्या बिया आहेत. दुर्बीण अर्ध्या वाटेतून मागे घ्यावी लागली. गाठ काढायची तर पोट नीट साफ करून पुन्हा यावं लागेल.

“मग बिया काय आभाळातून पडल्या?” शेजारी बसलेली बायको कडाडली. ती चिडली नव्हती, घाबरली होती. आचाऱ्याच्या थोरल्या भावालाही अशीच गाठ झाली होती. ती वेळेवर कोणी पाहिली नाही, आणि कळलं तेव्हा ती गाठ राहिली नव्हती, कॅन्सर झाला होता.

सिस्टरने त्याला खोटं पाडलं नाही. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या पेशंटना तयारी समजावून देणं हेच तिचं काम. ही तयारी पेशंटने आपल्या घरी, आपल्या हाताने करायची असते. तिथे ना डॉक्टर असतो ना सिस्टर. तिने स्टूल पुढे ओढलं.

“काल सकाळपासून काय काय केलंत, सांगा बघू.”

तो सांगू लागला. गाळलेलं सूप घेतलं. बिनदुधाचा चहा घेतला. कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलो, पण नुसता उभा होतो. भाज्या सगळ्या दुसऱ्यांनी केल्या.

“आणि मीठ कोणी बघितलं?”

“मीच! दुसऱ्याच्या जिभेवर माझा भरवसा नाही. न चाखता मी कोणाला वाढत नाही. उभ्या जन्मात वाढलं नाही.”

हे सांगताना त्याची छाती फुगली. हात आपसूक उठला. पळीतला रस्सा तळहातावर, तळहात जिभेला. हात तिथेच थांबला.

“पण ते खाणं थोडंच झालं? ती चव!”

“जित्याची खोड!” बायकोने कपाळावर हात मारला.

“जिभेला ती चव वाटते हो,” सिस्टर म्हणाली, “पण आतड्याला कोण सांगणार? एवढी पातेली, प्रत्येकातलं थोडं थोडं, तेही दोन-दोनदा. त्याच्या लेखी पंगतच झाली.”

आचारी खजील झाला. पण खजील झालेला माणूस शहाणा होतोच असं नाही. त्याने शर्ट ओढून घेतला.

“जाऊ द्या. राहू दे ती गाठ तिथेच. ते पोट साफ करायचं औषध काही मी पुन्हा पिणार नाही. सांगणाऱ्याचं काय जातं?”

बायकोने तोंडाला पदर लावला. दिराच्या वेळचे शब्दही असेच होते, राहू दे, बघू पुढे.

सिस्टरने भीती घातली नाही. कॅन्सरचा ‘क’ सुद्धा काढला नाही.

“पहिला पेला जातो,” ती म्हणाली. “दुसरा रेटता येतो. तिसऱ्याला जीभ बंड करते. आधी खारट लागतं, मग मागून ते खोटं लिंबू येतं. खारट चालेल, पण ते लिंबू नको होतं. हो ना?”

बाहीत गेलेला हात थबकला. चवीचं इतकं नेमकं वर्णन आचाऱ्याने आजवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“औषध गार करून ठेवा. स्ट्रॉ घ्या, पण जिभेवर नको, गालाच्या कडेला धरा. तिसऱ्या पेल्याआधी लिमलेटची गोळी चोखा. मळमळलं तर थांबा, घरातल्या घरात फेऱ्या मारा, पुन्हा सुरू करा. सोडू मात्र नका. शेवटी नुसतं फिकट पिवळं पाणी पडलं की जिंकलात.”

“आणि कँटीनचं मीठ?” आचाऱ्याने शेवटची कुरकुर केली.

“मी बघेन,” बायको म्हणाली. तिच्या हातच्या मिठाला त्याने लग्नापासून नावं ठेवली होती. त्याने शर्टाचं शेवटचं बटण लावलं आणि म्हणाला, “बरं.”

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा आतडं घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. डॉक्टरांनी गाठ मुळापासून काढली आणि तपासणीला पाठवली. वेळेवर आलात, म्हणाले. आदल्या दिवशी कँटीनमध्ये एकही ताट उष्टं राहिलं नाही, हे बायकोने सिस्टरला दोनदा सांगितलं.

“आता घरी काय करायचं ते मी सांगणार नाही,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही मला सांगा.”

आचारी शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला. “आज गाडी चालवायची नाही. जड पातेली काही दिवस उचलायची नाहीत. रक्ताचा एखादा डाग दिसला तर घाबरायचं नाही. जास्त पडलं, गुठळ्या पडल्या, शौच काळं झालं, ताप आला, पोट फार दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. दोन आठवडे लक्ष ठेवायचं.”

“शाब्बास.”

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

“सिस्टर, एक विचारू? तुम्ही दिलेल्या कागदावर सगळं होतं. तिसऱ्या पेल्याचं नव्हतं. त्या खोट्या लिंबाचंही नव्हतं. कोणा पेशंटने सांगितलं का?”

“पेशंट नुसतं ‘फार वाईट लागतं’ म्हणतात.” पुढच्या माणसासाठी औषधाचं पाकीट काढता काढता सिस्टर बोलत होती. “मी या कामाला लागले ना, त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून एक सुट्टी काढली. घरी बसून अख्खं औषध प्याले. न चाखता मीही कोणाला वाढत नाही.”