समोरची भिंत

योनामिनेंनी नवाकोरा टॉवेल रंगाऱ्याच्याच हातात परत कोंबला. काम काढण्याआधी शेजाऱ्यांना टॉवेल देऊन त्रासाची माफी मागायची, ही रीत त्यांनी स्वतः रंगकामाच्या धंद्यात बत्तीस वर्षं पाळली होती. पण असल्या कामाचा टॉवेल त्यांना नको होता.

"मॅट रंग? समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मॅट? कुणी शिकवलं रे तुला?"

"काका, मी चकचकीतच सांगत होतो. फुमीबाई ऐकत नाहीत."

योनामिनेंच्या अंगाचा तिळपापड झाला. समोरच्या फुमीबाईंच्या घराची ती पांढरी भिंत त्यांच्या हातचं शेवटचं काम. नऊ वर्षांत किती वादळं आदळली, एक टवका उडाला नाही. गुळगुळीत रंग, पाऊस पडला की मळ आपसूक धुऊन जायचा. आता त्यावर खरखरीत मॅट, म्हणजे बुरशीला आवतणच. सारं नागो गाव म्हणणार, योनामिनेची भिंत शेवाळली.

डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी गल्ली ओलांडली. मार्चमध्ये डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या भिंतीवरचं ऊन सुईसारखं टोचायचं. म्हणून पुढची खिडकी दिवसभर बंद. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच कीव नको कुणाची.

फुमीबाई वेलावरची कारली तोडत होत्या.

"माझ्या कामात काय खोट निघाली, ते तोंडावर सांगा."

"खोट कसली? काही नाही."

"मग? दोन पावसाळ्यांत हिरवीगार होईल ही."

"होऊ दे. ब्रश आणून ठेवलाय. घासीन मी."

"सत्तरी उलटल्यावर भिंती घासणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

आता फुमीबाईही भडकल्या. कारल्यांची टोपली त्यांनी दाणकन खाली ठेवली.

"चकाकीनं तुमच्या डोळ्यांना धार लागते, ते मला दिसत नाही होय? सात महिने झाले, खिडकी बंद. माझ्या वेलाला नावं ठेवायला कुणी नाही, माझ्या फोडणीला नावं ठेवायला कुणी नाही. असं जगायचं का माणसानं?"

 योनामिने तसेच डोळ्यांवर हात धरून गल्लीत परत आले आणि दुसरा हात रंगाऱ्यापुढे केला.

"टॉवेल आण इकडे," ते गुरगुरले. "आणि बुरशीचं औषध दुप्पट घाल. बाई घासणार आहे म्हणते."